गमबुटाचे ठिगळ पुन्हा पुन्हा का सुटते? रबर आणि पीव्हीसी बुटांची घरगुती दुरुस्ती

खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, बेळगावच्या आसपासच्या भातशिवारात आणि निपाणी-चिकोडीकडील उसाच्या पट्ट्यात गमबूट वापरणाऱ्यांची एक तक्रार दर पावसाळ्यात ऐकू येते. घोट्याच्या पुढच्या बाजूला, जिथे पाऊल टाकताना बूट दुमडतो, नेमकी तिथे चीर पडते. पंक्चर काढणाऱ्याकडून तिच्यावर ठिगळ लावून घेतले जाते. आणि आठवडाभर चिखलात काम झाले की ठिगळाची एक कड उचलून आत पुन्हा पाणी येऊ लागते. त्यानंतर दुकानातून अधिक ‘कडक’ म्हणून सांगितलेले चिकटद्रव्य आणले जाते, आणि काही दिवसांनी तेही हार मानते. अशा दुरुस्त्या फसण्यामागे चिकटद्रव्य निकृष्ट असणे हे कारण क्वचितच असते. बहुतेक वेळा बूट कोणत्या पदार्थाचा आहे हे पाहिलेले नसते, किंवा तो आतून पुरता वाळलेला नसतो. म्हणून पुढील विवेचनात चिकटद्रव्याची पाळी बरीच उशिरा येईल.

खाचरात गळका बूट घालून उभे राहणे ही केवळ गैरसोय नव्हे, हेही लक्षात घ्यावे. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या व जनावरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात उतरतात आणि भिजून मऊ पडलेल्या, ओरखडलेल्या त्वचेतून शरीरात शिरतात. रोप लावणीच्या दिवसांत पायांची त्वचा नेमकी तशीच झालेली असते.

गळती कुठे आहे, आणि ती खरोखर गळती आहे का

मोजा ओला झाला म्हणजे बूट फुटला, असा निष्कर्ष घाईने काढू नये. बंद बुटात पाय दिवसभर राहिला की घामाची वाफ आतल्या गार पृष्ठभागावर जमते आणि मोजा पिळण्याइतका ओला होतो. शिवाय मुसळधार पावसात विजारीवरून ओघळणारे पाणी वरच्या तोंडातून आत उतरते. हे वगळण्यासाठी रिकाम्या, कोरड्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे खालपर्यंत भरावेत, वर एखादा दगड ठेवावा आणि बूट बादलीतील पाण्यात घोट्याच्या वर चार बोटे येईल इतका बुडवून तासभर ठेवावा. कागद कोरडा राहिला तर दोष बुटात नाही; जाड सुती मोजे, दुपारी मोजे बदलणे आणि विजार बुटाच्या बाहेर सोडणे हाच त्यावरचा उपाय.

कागद भिजला तर जागा शोधावी लागते, आणि इथे अस्तर फसवते. रबरी बुटाच्या आत बहुधा सुती अस्तर असते, ते पाणी शोषून दूरवर पसरवते; त्यामुळे आत जिथे ओले दिसते तिथेच बाहेर छिद्र असेल असे नाही. बुटाचे बाहेरचे अंग कोरडे पुसून आत पाणी भरावे आणि तो हातात धरून चालताना दुमडतो तसा पुढे-मागे वाकवावा. चीर सरळ उभ्या बुटात मिटलेली असते व वाकल्यावरच उघडते, म्हणून नुसते पाणी भरून बूट कोपऱ्यात ठेवल्यास काहीच सापडत नाही. पाण्याचा थेंब जिथे उमटेल तिथे खडूने किंवा बॉलपेनने खूण करावी. सूक्ष्म छिद्रासाठी बुटाचे तोंड वरून गुंडाळत आणून आतली हवा कोंडावी आणि बूट पाण्याखाली दाबावा. बुडबुडे निघतील ती जागा. एक चीर सापडली म्हणून तपासणी थांबवू नये, कारण डाव्या घोट्यावर चीर पडली असेल तर उजव्याही घोट्यावर बहुधा तिची सुरुवात झालेली असते.

रबर की पीव्हीसी, हा खरा प्रश्न

आपल्या बाजारात ‘रबरी गमबूट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जोड्यांपैकी पुष्कळशा प्रत्यक्षात पीव्हीसीच्या, म्हणजे मऊ केलेल्या प्लास्टिकच्या असतात. दोन्ही काळे, दोन्ही चकचकीत, दोन्ही जलरोधक. परंतु दुरुस्तीच्या दृष्टीने त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. सर्वांत सोपी खूण म्हणजे बुटावर किंवा खोक्यावर छापलेला भारतीय मानकाचा क्रमांक: आयएस ५५५७ हे रबरी बुटांचे मानक आहे आणि आयएस १२२५४ हे पीव्हीसी बुटांचे. छाप नसेल किंवा झिजला असेल तर घडण पाहावी. पीव्हीसीचा बूट साच्यात वितळलेला माल भरून घडवतात, त्यामुळे पुढून व मागून साच्याची बारीक उभी रेघ गेलेली दिसते. रबरी बूट बहुधा रबराचे तुकडे थराथराने चढवून केलेला असतो; त्यावर एकावर एक आलेल्या कडा आणि तळव्याभोवती फिरवलेली वेगळी पट्टी ओळखू येते.

तरीही शंका राहिली तर तापवलेल्या सुईने निकाल लागतो. सुई सांडशीत धरून गरम करावी व बुटाच्या वरच्या तोंडाशी, आतल्या कडेला, टेकवावी. पीव्हीसी असेल तर सुई लोण्यात शिरावी तशी शिरते, छिद्राची कड वितळून चमकते आणि नाकाला झोंबणारा वास येतो. रबर वितळत नाही. ते काळे पडते, चिकट काजळी धरते आणि टायर जळाल्यासारखा वास देते. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर याने गंधकासह रबर तापवण्याची जी प्रक्रिया शोधली, तिच्यामुळे रबराचे लांबलचक रेणू एकमेकांना कायमचे बांधले जातात, आणि तसे बांधलेले रबर उष्णतेने पुन्हा पातळ होत नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा की पीव्हीसी तापवून सांधता येते आणि रबर तापवून फक्त नासते. सुईची ही चाचणी उघड्यावर करावी आणि धूर हुंगत बसू नये.

रबरी बूट का चिरतो व कसा सांधावा

रबराचा मोठा शत्रू हवेतच असतो. ताणलेल्या अवस्थेतील रबरावर ओझोन वायू हल्ला करतो आणि ताणाच्या दिशेला काटकोनात बारीक भेगा पाडतो. म्हणूनच दुमडून ठेवलेल्या बुटाला घडीवरच चिरा पडतात, बाकीचा बूट मात्र नवाकोरा दिसतो. मोटारी व वेल्डिंग मशीन चालते तिथे ओझोन अधिक तयार होतो, आणि आपल्याकडे बूट ठेवण्याची जागा नेमकी पंपाच्या खोलीत असते. ऊन, तेल आणि चुलीची धग ही पुढची कारणे. भिजलेले बूट रात्री चुलीच्या कडेला ठेवून वाळवण्याची सवय जवळपास प्रत्येक घरात दिसते. त्याने बूट लवकर वाळतो आणि लवकर मरतो. नव्या रबरी बुटावर कधी कधी पांढुरकी झाक येते, ती मात्र रोग नव्हे. ते रबरात मुद्दाम घातलेले मेण वर आलेले असते आणि ओझोनपासून संरक्षण करते, तेव्हा ते घासून काढू नये.

रबरावर सायकल-ट्यूबचे ठिगळ आणि पंक्चरचे सोल्यूशन उत्तम चालते. तरी ते सुटते, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ट्यूबवरील ठिगळाला आतल्या हवेचा दाब अहोरात्र टायरवर दाबून धरत असतो. बुटावरील ठिगळाला असा कोणाचाही आधार नसतो, उलट प्रत्येक पावलागणिक त्याची कड उचकटली जाते. म्हणून ट्यूबला पुरेल तेवढे, तशाच घाईने लावलेले ठिगळ बुटाला पुरत नाही.

काम पूर्वतयारीतच घडते किंवा बिघडते. बूट साबणाच्या पाण्याने धुऊन चिरेतील तांबडी माती जुन्या दातघासणीने पूर्ण काढावी. नंतर तो वाळवावा, आणि वाळवणे म्हणजे वरून पुसणे नव्हे: अस्तरात मुरलेले पाणी चिरेवाटे हळूहळू बाहेर येत राहते आणि लावलेल्या ठिगळाला मागून सुटे करते. कागदाचे बोळे भरून ते बदलत राहावे आणि पंख्याखाली दोन दिवस तरी द्यावेत. जुलैत जांबोटीच्या बाजूला दोन दिवसांतही अस्तर सुकत नाही, तेव्हा हाताला कोमट लागेल इतक्याच उष्णतेवर केस वाळवण्याचे यंत्र फिरवावे. चिरेच्या दोन्ही टोकांना चामड्याला भोक पाडण्याच्या लहान पंचाने साधारण दोन मिलिमीटरचे गोल छिद्र पाडावे. फुटक्यात आणखी छिद्र पाडण्याची ही सूचना विचित्र वाटेल. परंतु चिरेच्या टोकदार शेवटावर सगळा ताण एकवटतो व ती पुढे सरकते, तर गोल छिद्रावर तो ताण वाटला जातो आणि ठिगळाखाली चीर वाढण्याची थांबते.

ठिगळ पातळ ट्यूबचे, कोपरे नसलेले, लंबगोल कापावे आणि ते चिरेच्या पलीकडे सर्व बाजूंनी दोन ते अडीच सेंटिमीटर जावे. त्याची कड ब्लेडने तिरकी तासून पातळ करावी. जाड ठिगळ मजबूत असते ही समजूत घोट्यापुरती तरी चुकीची आहे, कारण जाड तुकडा वाकत नाही आणि नवी चीर त्याच्या कडेला लागून पडते. बुटाचा पृष्ठभाग आणि ठिगळाची एक बाजू ८० ते १२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने चकाकी जाऊन एकसारखी निस्तेज होईपर्यंत घासावी, धूळ झटकावी, आणि औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने पुसावे. पंक्चरवाले यासाठी पेट्रोल वापरतात. घरात, विशेषतः चुलीच्या आसपास, ते वापरू नये. पुसल्यावर त्या जागेला बोट लावू नये.

सोल्यूशनचा पातळ थर दोन्ही अंगांना लावावा, तो वाळू द्यावा, मग दुसरा थर लावावा. दुसरा थर बोटाच्या मागच्या बाजूने स्पर्श केल्यावर बोटाला लागत नाही अशा अवस्थेला आला की ठिगळ मधून बाहेरच्या दिशेने दाबत बसवावे. ओलसर सोल्यूशनवर ठिगळ टेकवल्यास द्रावक, म्हणजे सोल्यूशन पातळ ठेवणारा व हवेत उडून जाणारा द्रव, आत कोंडतो आणि ठिगळ फुगून सुटते. बूट सरळ उभा ठेवून ठिगळ लावण्यापेक्षा तो किंचित वाकलेल्या, म्हणजे चालताना मधल्या क्षणी असतो तशा, अवस्थेत धरून लावावे, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे ताण निम्मा पडतो. आत गोल बाटली घालून वरून जड चमच्याच्या पाठीने नेटाने रगडावे. वजन ठेवण्यापेक्षा रगडण्याचा उपयोग अधिक होतो. किमान एक पूर्ण दिवस बूट पायात घालू नये आणि कडेला राहिलेल्या चिकट भागावर टाल्कम पावडर फासावी.

दमट हवेबद्दल एक गोष्ट वेगळी सांगावीशी वाटते, कारण आपल्या भागात तीच सर्वांत जास्त दुरुस्त्या खाते. द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो आणि पावसाळी हवेतील बाष्प त्यावर नकळत जमते. थर चमकदार न दिसता धुरकट, दुधी दिसू लागला तर तो पाण्याने भरलेला आहे असे समजावे व पुसून पुन्हा सुरुवात करावी. शक्यतो उघडीप असेल अशी दुपार निवडावी, आणि थर लावण्यापूर्वी बूट व ठिगळ दोन्ही कोमट करून घ्यावीत. खरे तर हे काम धूळवाफ पेरणीच्या आसपास, हवा कोरडी असतानाच उरकलेले बरे.

पीव्हीसीची तऱ्हा

पीव्हीसी मूळचे कडक असते. ते बुटासाठी मऊ करायला त्यात तेलासारखे द्रव मिसळतात. हे द्रव कायम आत राहत नाही. ते हळूहळू पृष्ठभागाकडे येते, आणि डिझेल, रॉकेल किंवा ग्रीस लागले तर ओढले जाते, म्हणून उद्यमबागेसारख्या कारखान्यांच्या भागात तेलकट फरशीवर वापरलेला बूट शेतातल्या बुटापेक्षा आधी ताठरतो. ठिगळ सुटण्याचे कोडेही इथेच उलगडते. पादत्राणांसाठी सर्रास मिळणारे पिवळसर रबरी चिकटद्रव्य पीव्हीसीवर पहिल्या दिवशी घट्ट बसते, परंतु वर येणारे मृदुकारक द्रव त्यात मुरते आणि काही आठवड्यांत ते पुन्हा लिबलिबीत होऊन ठिगळ सरकू लागते. कितीही चांगल्या प्रतीचे रबरी चिकटद्रव्य आणले तरी हे टळत नाही. पंक्चरचे सोल्यूशन तर पीव्हीसीवर नीट धरतच नाही.

पीव्हीसीला पॉलियुरेथेन, म्हणजे दुकानात ‘पीयू’ म्हणून मागायचे, चिकटद्रव्य लागते. पादत्राणांचा कच्चा माल विकणाऱ्या दुकानांत ते मिळते. ठिगळ त्याच जातीच्या पदार्थाचे हवे. टाकून दिलेल्या पीव्हीसी बुटाच्या वरच्या नळीतून कापलेला तुकडा यासाठी उत्तम. घासणे व वाळवणे आधीप्रमाणेच. पुसण्यासाठी मात्र ॲसिटोनचा एकच झटपट हात फिरवावा, कारण ते पीव्हीसीला विरघळवते व रेंगाळल्यास पृष्ठभाग चिखलासारखा होतो. पीयूचा थर वाळल्यावर निर्जीव वाटतो. त्याला केस वाळवण्याच्या यंत्राने गरम करून पुन्हा चिकट करावे लागते आणि त्याच क्षणी दाबावे लागते. ही पायरी गाळल्यामुळे अनेकांना पीयू कुचकामी वाटते.

लहान चीर, म्हणजे तीन-चार सेंटिमीटरपर्यंतची, तापवूनही सांधता येते. चिरेच्या तोंडाला ब्लेडने इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच करावी, जुन्या पीव्हीसी बुटाची बारीक पट्टी त्या खाचेत धरावी, आणि सोल्डरिंगच्या तापलेल्या चपट्या टोकाने पट्टी व दोन्ही कडा एकत्र वितळवत पुढे सरकावे. मागोमाग ओल्या चमच्याने दाबावे. प्लास्टिकच्या घागरी व बादल्या सांधणाऱ्यांचा हात यात बसलेला असतो, पण त्यांच्या सवयीची उष्णता पीव्हीसीला फार होते. रंग तपकिरी होऊ लागला तर माल जळतो आहे आणि हायड्रोजन क्लोराइडची विषारी वाफ निघते आहे. हे काम ओसरीत किंवा अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून करावे. सांधलेली जागा मूळच्यापेक्षा ताठ होते, म्हणून घोट्याच्या घडीवर तिच्यावरून पातळ पीयू ठिगळही द्यावे. नळांच्या पाइपांचे सॉल्व्हंट सिमेंट या ठिकाणी वापरू नये. ते कडक पाइपांसाठी असते, आणि वाकणाऱ्या जागी त्याचा थर तडकतो.

अथणी व निपाणी परिसरात पादत्राणांचे जाणते कारागीर आजही आहेत; २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जे भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगावसह कर्नाटकाचेही चार जिल्हे येतात. त्यामुळे फाटलेला बूट घेऊन कारागिराकडे जाणे आणि त्याने आरीने टाके घालणे हे स्वाभाविकच वाटते. चामड्यात टाका धरतो, कारण तंतू त्याला अडवतात. पीव्हीसीत मात्र टाक्यांच्या छिद्रांची ओळ म्हणजे पुढच्या फाटण्याची आखलेली रेघ ठरते. अस्तर जाड असलेल्या रबरी बुटाची नळी उसाच्या बुडख्याला किंवा काटेरी तारेला अडकून फाटली असेल, तरच कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत, दूर दूर नायलॉनचे टाके घालून त्यावर रुंद ठिगळ द्यावे. ओढ टाके सोसतात, पाणी ठिगळ अडवते.

तळवा, आणि काय लावू नये

तळव्यात घुसलेला बाभळीचा काटा किंवा खिळा पकडीने सरळ ओढावा, छिद्रात सुईने पॉलियुरेथेन सीलंट खोलवर भरावे आणि वरून सपाट करावे. वाहनांच्या काचा बसवताना वापरले जाते तेच हे. वरचा भाग व तळवा यांच्यात फट पडली असेल तर आतली माती काढून, घासून, रबराला रबरी व पीव्हीसीला पीयू चिकटद्रव्य दोन्ही अंगांना लावावे आणि सायकल-ट्यूबच्या पट्टीने बूट आवळून एक दिवस ठेवावा.

झटपट चिकटणारे थेंबाचे चिकटद्रव्य व दोन गोळे मळून लावायचे इपॉक्सी दोन्ही वाळल्यावर कडक होतात आणि म्हणूनच वाकणाऱ्या बुटावर निरुपयोगी आहेत. सिलिकॉन सीलंटचे नुकसान याहून मोठे आहे. ते स्वतः नीट धरत नाही आणि त्याचा अदृश्य थर मागे राहिला की पुढे कोणतेच चिकटद्रव्य धरत नाही. बूट मऊ राहावा म्हणून खोबरेल किंवा इंजिनचे तेल चोळणेही सोडावे. तेलाने रबर फुगते व कमकुवत होते.

हंगाम संपल्यावर बूट धुऊन सावलीत वाळवावेत, नळीत पिंजार भरून उभे ठेवावेत, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नयेत, कारण एप्रिल-मेमध्ये तिथली उष्णता दोन्ही पदार्थांना बाधते. इन्व्हर्टर, पंप, डिझेलचा डबा आणि खताची पोती यांच्यापासूनही ते दूर असावेत.

पावसात पंपाच्या स्टार्टरला हात लावताना गमबूट पायात आहेत म्हणून निर्धास्त राहण्याची पद्धत धोकादायक आहे. साधा गमबूट विजेपासून संरक्षणासाठी तपासलेला नसतो, आणि चीर पडून सांधलेला बूट तर मुळीच भरवशाचा नाही. स्टार्टरसाठी विद्युतरोधक बूट वेगळे मिळतात.

सर्व अंगावर जाळीसारख्या भेगा असलेला रबरी बूट, किंवा वाकवताना कडकड वाजणारा पीव्हीसी बूट, दुरुस्त करण्यात वेळ घालवू नये. एक चीर झाकेपर्यंत शेजारी दुसरी उघडते. तळवा शाबूत असेल तर असा बूट घोट्याखाली कापून गोठ्यात वापरता येतो. वरची नळी अजून मऊ असेल तर कापून ठेवावी, आणि तिच्यावर रबर की पीव्हीसी हे खडूने नव्हे, न पुसणाऱ्या मार्करने लिहून ठेवावे.